तंबोऱ्याचा गंधार आणि पेटीचा गंधार: चौदा सेंटांचा फरक ऐकणे, मोजणे आणि पेटी लावणे

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पट्ट्यात भजनी मंडळ आहे आणि पेटी नाही, असे गाव शोधावे लागेल. शहरात तर पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांच्या शिष्यपरंपरेने संवादिनीला मानाचे स्थान मिळवून दिले आहे. तरीही मैफलीआधी तंबोरे लागत असताना पेटीवाल्याने षड्ज आणि गंधार एकत्र धरले, की मुरलेले कान किंचित आक्रसतात. खानापूरकडच्या एका वयस्क भजनीबुवांनी ही गोष्ट मला एका वाक्यात सांगितली होती: ‘‘पेटी बरोबर हाय, पण गंधार टोचालाय.’’ या वाक्याचे दोन्ही भाग खरे आहेत. पेटी ज्या हिशेबाने लावली आहे त्या हिशेबाने ती बरोबरच असते, आणि गंधार टोचतो तो त्या हिशेबामुळेच. तो किती टोचतो, का टोचतो आणि काढायचाच असेल तर कसा काढावा, हे घरच्या घरी करून पाहता येईल अशा क्रमाने पुढे मांडले आहे.

लागणारे साहित्य थोडे आहे. एक बऱ्या जवारीचा (घोडीवर तारेला येणाऱ्या गुंजनाचा) तंबोरा, पेटी, फोनमधला कोणताही ट्यूनर आणि ‘लॉग’ची कळ असलेला कॅल्क्युलेटर एवढे पुरेल. प्रत्यक्ष पेटी उघडायची झाल्यास लहान स्क्रूड्रायव्हर, अतिशय बारीक कानस आणि दाढीच्या ब्लेडचे अर्धे पान जवळ ठेवावे. खोलीतला पंखा बंद करावा, कारण फिरत्या पात्यांमुळे ध्वनीला जो थरथराट येतो तो आणि आपण ऐकू पाहतो तो थरथराट यांत नवख्याची हमखास गल्लत होते. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात हा उद्योग शक्यतो करूच नये. झड लागली की तंबोऱ्याचा भोपळा आणि तबली दमट होतात, खुंट्या फुगून अडकतात आणि सकाळी लावलेली तार दुपारपर्यंत जागेवर राहत नाही.

आधी तंबोरा

गणितासाठी षड्जाची कंपनसंख्या सेकंदाला २४० धरू. संगीतशास्त्राच्या मराठी पुस्तकांत हाच आकडा धरण्याचा प्रघात आहे, आणि तो सोयीचा आहे, कारण २४० ला २, ३, ४, ५, ६, ८ या सर्वांनी भाग जातो. पेटीवर हा स्वर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधे पडतो, म्हणजे कुठल्याच पट्टीवर मिळत नाही. त्यामुळे तुमचे प्रत्यक्ष आकडे वेगळे येतील. गुणोत्तरे मात्र तीच राहतील.

जोडाच्या, म्हणजे मधल्या षड्जाच्या, दोन तारा प्रथम एकमेकींशी जुळवा. जुळत येताना आवाजात एक संथ हेलकावा ऐकू येतो: आवाज फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. पाठ्यपुस्तकात याला विस्पंद म्हणतात. एक तार २४० आणि दुसरी २४१ असेल तर सेकंदाला एक हेलकावा येतो, २४२ असेल तर दोन. तारेतला बारीक जुळणीचा मणी केसभर सरकवत हेलकावा लांबवत न्या. एक फुगवटा चार-पाच सेकंदांना येऊ लागला की तुमच्या कानाने फोनमधल्या बहुतेक ट्यूनरांना मागे टाकले असे समजावे.

पंचमाचे तत्त्व हेच आहे, फक्त हेलकावा एक मजला वर ऐकायचा असतो. प्रत्येक तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे अंशस्वर निघतात. षड्जाचा तिसरा अंशस्वर ७२०, आणि मध्य पंचम ३६० असेल तर त्याचा दुसरा अंशस्वरही ७२०. दोन्ही एकावर एक बसतात आणि हेलकावा थांबतो. म्हणून तंबोऱ्यावर कानाने लावलेला पंचम आपोआप ३:२ या प्रमाणात येतो, त्यासाठी कोणाला गणित यावे लागत नाही. खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची, तार छेडून सावकाश ऐकली, की जवारी नीट असल्यास तिच्यातून वरचा एक गंधार स्वच्छ उमटतो. तोच स्वयंभू गंधार. खर्ज १२० वर असेल तर तो पाचव्या अंशस्वरावर, ६०० वर असतो; एक सप्तक उतरवून षड्ज २४० च्या सप्तकात आणला तर ३००. म्हणजे षड्जाशी ५:४.

आता पेटीचा गंधार. २४० च्या षड्जावर समान बारा भागांच्या हिशेबाने तो ३०२.४ येतो. षड्जाचा पाचवा अंशस्वर १२००, या गंधाराचा चौथा सुमारे १२०९.५, फरक सेकंदाला साडेनऊ हेलकाव्यांचा. एवढ्या वेगात हेलकावे सुटे मोजता येत नाहीत, त्यांची किरकिर होते. बुवांना टोचत होती ती हीच. पंचमाचे मात्र तसे नाही: पेटीचा पंचम ३५९.६ असतो, त्याचे सेकंदाला एकही पुरता हेलकावा होत नाही, आणि भजनाच्या गलबल्यात तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

सेंटांत मोजणे

कंपनसंख्यांतील फरक सप्तकागणिक बदलतो, म्हणून अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेंट हे माप रूढ केले. सप्तकाचे १२०० सेंट, म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट. कॅल्क्युलेटरवर दोन कंपनसंख्यांचे गुणोत्तर काढा, लॉगची कळ दाबा आणि उत्तराला ३९८६.३ ने गुणा. ५:४ चे ३८६.३ येतात, पेटीचा गंधार ४०० वर असतो. तो जवळजवळ १४ सेंट चढा आहे. ३:२ चे ७०२ येतात, पेटीचा पंचम ७००. फक्त २ उतरा. सर्वसाधारण कानाला सुटा स्वर ऐकून पाच-सहा सेंटांचा फरक सांगणे कठीण जाते, परंतु दोन स्वर एकत्र वाजले की हेलकाव्यामुळे एका सेंटाचाही पत्ता लागतो. म्हणूनच या कामात स्वर एकेकटे कधी तपासू नयेत.

चार पंचमांची वाट

आता या लेखाच्या गाभ्यातला प्रयोग. यासाठी तंबोऱ्याच्या तारा नेहमीपेक्षा वर ताणाव्या लागतात, तेव्हा सगळा तंबोरा आधी तीन पट्ट्या खाली उतरवा, म्हणजे षड्ज २४० ऐवजी २०० आणि खर्ज १०० वर येईल. ही पायरी मी पहिल्यांदा गाळली होती आणि जोडाची पोलादी तार गालाजवळून सणसणत गेली होती.

पहिली तार खर्जाच्या बाजूच्या पंचमावर, १५० वर, हेलकावा पूर्ण थांबेपर्यंत लावा. जोडातील एक तार तशीच राहू द्या. दुसरी वर चढवून रिषभावर न्या, आणि ती षड्जाशी न जुळवता पहिल्या तारेवरच्या पंचमाशी जुळवा: पंचमाचा तिसरा अंशस्वर ४५०, रिषभाचा दुसरा ४५०, म्हणजे रिषभ २२५. मग पहिली तार पंचमावरून धैवतावर चढवा आणि या रिषभाशी जुळवा; ती १६८.७५ वर येईल. शेवटी रिषभाची तार आणखी वर गंधाराकडे न्या आणि या धैवताशी तिचा पंचमभाव साधा. ती २५३.१२५ वर थांबेल. प्रत्येक पायरीवर संवाद निर्दोष होता, एकही हेलकावा आपण मागे ठेवलेला नाही.

आता ही गंधाराची तार आणि खर्ज एकत्र छेडा. खर्जातून स्वयंभू गंधार ५०० वर उमटतो आहे, आणि तुमच्या तारेचा दुसरा अंशस्वर ५०६.२५ वर आहे. सेकंदाला सहाहून अधिक हेलकावे. षड्जापासून प्रामाणिकपणे चार पंचम चालत गेलेला गंधार आणि त्याच षड्जाच्या पोटातून निघालेला गंधार एकमेकांशी जुळत नाहीत. माझ्या घरी संगीत न शिकलेल्या पाहुण्यांनीही हे ऐकून ‘काहीतरी खटकतंय’ असे सांगितले आहे.

आता मणी हळूहळू सरकवत तार उतरवा आणि हेलकावे सहावरून चार, दोन, एक, शून्य असे ओसरू द्या. तार २५० वर आली. मण्याने जेवढे अंतर कापले, ते म्हणजे २५३.१२५ आणि २५० यांचे गुणोत्तर, ८१:८०, साडेएकवीस सेंट. पाश्चात्य शास्त्रात याला सिंटॉनिक कॉमा म्हणतात. आपल्याकडच्या आधुनिक श्रुतिविचारात (श्रुती म्हणजे सप्तकातली सूक्ष्म स्वरांतरे) हीच प्रमाणश्रुती.

याचा एक चुलत भाऊ आहे. चार पंचमांवर न थांबता बारा पंचम चालत गेलात तर तुम्ही पुन्हा षड्जावर यायला हवे, पण येता २३.५ सेंट पुढे. हा पायथागोरसचा कॉमा. दोन्ही कॉमांमध्ये जेमतेम २ सेंटांचे अंतर आहे, त्यामुळे बोलताना लोक त्यांची सरमिसळ करतात. पेटी लावणाऱ्याने मात्र ती करू नये, कारण पहिला गंधार-धैवताचा प्रश्न आहे आणि दुसरा षड्ज बदलण्याचा.

बावीस श्रुतींचा हिशेबही येथेच उलगडतो. त्या मांडणीत सप्तकात साडेएकवीस सेंटांच्या दहा प्रमाणश्रुती, सुमारे ७१ सेंटांच्या पाच न्यूनश्रुती आणि ९० सेंटांच्या सात पूर्णश्रुती असतात; बेरीज करून पाहा, १२०० ला येऊन मिळते. याचा अर्थ बावीस श्रुती म्हणजे सप्तकाचे बावीस समान तुकडे नव्हेत. समान तुकडे केल्यास प्रत्येक ५४.५ सेंटांचा होईल, आणि त्यातला तेरावा, जो पंचम व्हायचा, तो ७०९ वर जाऊन कानाला सरळ बेसूर लागेल. भरतमुनींच्या मनात हीच गुणोत्तरे होती की नाही, हा वाद जुना आहे आणि तो पेटी उघडून सुटणारा नाही. पण या वादाचा आधुनिक अंक आपल्या शेजारीच रंगला: सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे श्रुतींवरचे पुस्तक १९१० साली आले, ई. क्लेमंट्स या आय. सी. एस. अधिकाऱ्याचे १९१३ साली, मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब देवलांच्या प्रयोगांत गळ्याने सहभागी झाले, आणि या खटपटीतून श्रुतींची पेटीही तयार झाली. ती रूढ झाली नाही. इतक्या पट्ट्या सांभाळत जलद तान वाजवून पाहावी, म्हणजे कारण कळेल.

कॉमा कुठे ठेवायचा

हा उरलेला कॉमा नाहीसा करता येत नाही. फक्त कुठे ठेवायचा ते ठरवता येते. स्वरव्यवस्थांचे सारे प्रकार म्हणजे या एका प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत.

युरोपात सोळाव्या शतकापासून चालत आलेल्या एका पद्धतीत प्रत्येक पंचम पाव कॉमाने, म्हणजे ५.४ सेंटांनी उतरवत. चार पंचमांत पुरा एक कॉमा वळता झाला की गंधार नेमका ५:४ वर येई. गंधार गोड झाला, परंतु बारावा पंचम सुमारे ३६ सेंटांनी चढा राही आणि इतका कर्कश वाजे की त्याला तिकडे लांडगा म्हणत. गवळ्याने सगळ्या रतिबांत थोडे थोडे पाणी घालण्याऐवजी एकाच घरी सगळे पाणी द्यावे, तसा हा प्रकार. आजच्या पेटीची समविभागी पद्धत उलट चालीची आहे: बारा पंचमांचा २३.५ सेंटांचा कॉमा बारा घरी सारखा वाटायचा, वाट्याला जेमतेम दोन-दोन सेंट. पंचम सगळे चालवून घेण्याजोगे होतात, कुठल्याही पट्टीवर षड्ज धरता येतो, आणि किंमत गंधार, धैवत, निषाद मोजतात. सप्तकाचे ५३ समान भाग केल्यास प्रत्येक २२.६ सेंटांचा, म्हणजे जवळजवळ एक कॉमाच येतो आणि पंचम-गंधार दोन्ही साधतात. पण त्रेपन्न पट्ट्यांची पेटी बेळगावाहून खानापूरला कोण उचलून नेणार?

आपल्या रागसंगीताला, तंबोरा एकाच षड्जावर स्थिर असल्याने, कॉमा वाटून टाकण्याची गरज नसते. गायक तो गरजेप्रमाणे खिशात ठेवतो किंवा खर्च करतो. पेटीचा सूर एकदा घासला की घासला, म्हणून तिच्याबाबत निर्णय आधी करावा लागतो. माझे मत स्पष्ट आहे: मंडळाची पेटी, जिच्यावर आज एक बुवा काळी दोनवर गाणार आणि उद्या दुसरे पांढरी चारवर, तिला हात लावू नये, समविभागी हीच तिची योग्य पद्धत. घरी एकाच गळ्याच्या रियाजासाठी, एकाच पट्टीवर वाजणारी जुनी दुसरी पेटी असेल तरच पुढची पायरी घ्यावी.

आकडे ठरवणे

ट्यूनरचा संदर्भ स्वर खालीवर करून तुमच्या पेटीच्या षड्जावर काटा शून्य दाखवील असा आणा. मग पेटीच्या मूळ जागेपासून प्रत्येक स्वर किती सरकवायचा ते असे: शुद्ध रिषभ ४ वर, शुद्ध गंधार १४ खाली, मध्यम २ खाली, पंचम २ वर, शुद्ध निषाद १२ खाली, कोमल रिषभ १२ वर, कोमल गंधार १६ वर, तीव्र मध्यम १० खाली, कोमल धैवत १४ वर. कोमल निषादाला दोन जागा आहेत, १८ वर किंवा ४ खाली, आणि तो मध्यमाच्या मध्यमभावात हवा असेल तर दुसरी घ्यावी.

खरी अडचण शुद्ध धैवताची. षड्ज २४० वर रिषभ २७० आणि गंधार ३०० ठरले. धैवत ४०० वर लावला, म्हणजे पेटीच्या जागेपासून १६ सेंट खाली, तर गंधाराशी त्याचा संवाद निर्दोष जुळतो, परंतु रिषभाशी तो एक कॉमा उतरा पडतो आणि सेकंदाला दहा हेलकावे येतात. ४०५ वर, म्हणजे ६ सेंट वर लावला तर रिषभ खूश आणि गंधार नाराज, तेथे पंधरा हेलकावे. तिसरा मार्ग नाही. भूपात गंधार-धैवताचे नाते राग धरून ठेवते, म्हणून त्यासाठी ४०० योग्य वाटतो. देशकाराचा धैवत भूपापेक्षा चढा घेतला जातो असे गायक सांगतात, त्याला ४०५ शोभतो. माझ्या पेटीत दोन सप्तकांतले धैवत मी मुद्दाम वेगळे ठेवून पाहिले होते. चार दिवसांत दोन्ही ४०० वर आणले, कारण हात सप्तक बदलतो तेव्हा डोके बरोबर येतेच असे नाही.

सूर घासणे

पेटीचे झाकण आणि पट्ट्यांवरची फळी काढून सुरांची फळी मोकळी करा. खर्ज (खालच्या सप्तकाची) आणि नर (मधल्या सप्तकाची) अशा सुरांच्या दोन ओळी असतील तर एका ओळीवर कागदाची पट्टी दाबून ती मुकी करा आणि एकच ओळ आधी पुरी लावा. सूर म्हणजे एका टोकाला रिव्हेटने जखडलेली पितळी जीभ. मोकळ्या टोकाजवळचे पितळ कमी केले की जीभ हलकी होते आणि सूर चढतो. रिव्हेटजवळचे पितळ कमी केले की ती लवचीक होते आणि सूर उतरतो. जिभेखाली ब्लेडचे पान सरकवून आधार द्या, कानस जिभेच्या लांबीच्या दिशेने अलगद दोनदाच फिरवा, पान काढा, भुकटी कोरड्या ब्रशने झटका आणि थांबा. घासल्याने पितळ तापते आणि तापलेला सूर किंचित उतरा बोलतो. लगेच मोजलेत तर फसाल. तपासणी भाता चालवूनच करावी, तोंडाने फुंकू नये. भात्याचा दाबही सारखा ठेवावा, कारण जोराने भरलेल्या हवेत सूर जरा खाली येतो.

माझी मोठी चूक या पायरीवर झाली. एका जुन्या पेटीचा गंधार १४ सेंट उतरवायचा म्हणून मी फोनवर उणे १४ येईपर्यंत घासत बसलो, आणि ती सगळी पेटीच मुळात ८ सेंट चढी होती हे विसरलो. फोनचा संदर्भ ४४० वरच राहिला होता. परिणामी पेटीच्या षड्जाच्या हिशेबाने गंधार आपल्या मूळ जागेपासून २२ सेंट खाली गेला. हव्या जागेपेक्षा आठ कमी. संध्याकाळी तंबोऱ्यापुढे ठेवला तेव्हा सेकंदाला साडेपाच हेलकावे, म्हणजे जवळपास पूर्वीच्या निम्मी किरकिर शिल्लक, फक्त उलट बाजूने. टोकाकडून घासून तो परत वर आणला खरा, पण दोन्हीकडून झिजलेली ती जीभ आजही इतरांपेक्षा बारीक आवाजात बोलते.

म्हणून फोनवर लक्ष्याच्या तीन-चार सेंट अलीकडेच थांबावे आणि उरलेले काम तंबोऱ्यावर सोपवावे: तंबोरा छेडत ठेवून पट्टी दाबावी आणि हेलकावा ओसरेपर्यंत एकेक हात फिरवावा. क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम पंचम आणि मध्यम, नंतर पंचमावरून रिषभ, मग खर्जाच्या आधाराने गंधार, गंधारावरून धैवत आणि निषाद, आणि कोमल स्वर सर्वांत शेवटी. मधल्या सप्तकातले बारा सूर बसले की खालचे-वरचे सप्तक त्यांच्याशी हेलकावा शून्य करून जुळवावे. मग कागदाची पट्टी काढून दुसरी ओळ पहिलीशी. एका बैठकीत चार-पाच सुरांपलीकडे जाऊ नये, कान थकतो आणि थकलेल्या कानाला किरकिरही गोड वाटू लागते.

नवे सूर पहिल्या आठवड्यात थोडे हलतात. आठ दिवसांनी, शक्यतो तशाच कोरड्या हवेत, पुन्हा एकदा सगळे तपासा. आणि घासण्यापूर्वी प्रत्येक सुराचा मूळ आकडा, कोणत्या पट्टीला षड्ज धरला ती पट्टी आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवा, म्हणजे पुढे ही पेटी ज्याच्या हाती जाईल त्याला ती बिघडलेली आहे असे वाटणार नाही.